टीव्हीसाठी मीडिया प्लेयर घेताय? आधी हे तपासा

मीरा-भाईंदरच्या समुद्राकडच्या टोकाला, उत्तनच्या पुढे असलेल्या चौकसारख्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाला टीव्हीचं सामान आणायचं तर भाईंदर किंवा मीरा रोडच्या बाजाराची फेरी करावी लागते. चुकीचा डबा आणला की बदलायला पुन्हा फेरी, आणि दुकानदार परत घेईलच असं नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी घरात बसूनच दोन प्रश्नांची उत्तरं काढावीत. आपल्याला इंटरनेटवरचे कार्यक्रम पाहायचे आहेत की पेन ड्राइव्हमधले व्हिडिओ? आणि आपला टीव्ही कोणता आहे?

टीव्ही कोणता?

टीव्हीच्या मागे एचडीएमआय पोर्ट आहे का ते बघा. असेल तर बाजारातला जवळजवळ कोणताही प्लेयर जोडता येतो. जुना पेटीसारखा टीव्ही असेल आणि त्याला फक्त लाल-पांढरी-पिवळी एव्ही पिन लागत असेल, तर मध्ये एक कन्व्हर्टर लागेल. इथे नीट लक्ष द्या : आपल्याला ‘एचडीएमआय ते एव्ही’ हवा. दिसायला तसाच ‘एव्ही ते एचडीएमआय’ही मिळतो, पण तो उलट दिशेचा असतो आणि आपल्या कामाचा नाही.

टीव्ही ‘एचडी रेडी’ म्हणजे ७२०पीचा असेल तर फक्त ४के चित्रासाठी महागडा प्लेयर घेण्यात अर्थ नाही. पडदा दाखवील तेवढंच दिसणार.

पर्याय कोणते?

१. टीव्हीचा स्वतःचा यूएसबी पोर्ट : फक्त पेन ड्राइव्ह पाहायचा असेल तर आधी हेच करून बघा. कदाचित काहीच विकत घ्यावं लागणार नाही.

२. स्ट्रीमिंग स्टिक : ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७मध्ये आली. यूट्यूब, नेटफ्लिक्स, जिओहॉटस्टार पाहण्यासाठी स्टिक सोपी. मात्र बहुतेक स्टिकना पेन ड्राइव्हसाठी वेगळा पोर्ट नसतो.

३. अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही बॉक्स : यात बहुधा यूएसबी पोर्ट असतो, काहींत इंटरनेटची वायर लावण्याची सोयही असते. दोन्ही कामं करायची असतील तर हा पर्याय बरा.

४. जुना लॅपटॉप : एचडीएमआय वायर लावा आणि व्हीएलसी टाका. व्हीएलसी मोफत आहे आणि जुन्या-नव्या बहुतेक सगळ्या फाइल्स चालवतो.

५. रास्पबेरी पाय : मुलांना संगणकाची आवड असेल तर या छोट्या बोर्डवर कोडी हे मोफत सॉफ्टवेअर टाकून घरीच प्लेयर बनवता येतो. वेळ आणि थोडी खटपट लागते.

फाइल का चालत नाही?

‘फोनवर चालतं, टीव्हीवर नाही’ ही नेहमीची तक्रार. याची कारणं साधारण चार.

पहिलं : एमपी४ किंवा एमकेव्ही हा फक्त डबा. आतला माल कोणत्या पद्धतीने दाबून भरला आहे, त्याला कोडेक म्हणतात. एच.२६४ जवळपास सगळीकडे चालतो. आयफोन २०१७पासून मूळ सेटिंगमध्ये एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, वापरतो आणि जुन्या टीव्हीला तो कळत नाही. नवा प्लेयर घेताना एच.२६५ चालतो का, हे विचाराच.

दुसरं : चित्र दिसतं, आवाज येत नाही. अशा वेळी आवाज बहुधा डीटीएस प्रकारचा असतो. सॅमसंगने २०१८पासून आपल्या टीव्हीतून डीटीएस काढून टाकला. व्हीएलसी किंवा कोडी चालणारा प्लेयर असेल तर ही अडचण सहसा सुटते.

तिसरं : पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आयफोनवर ४के व्हिडिओ मिनिटाला साधारण १७० एमबी जागा घेतो. म्हणजे निकाहचं सलग शूटिंग २४ मिनिटांच्या आसपासच ही मर्यादा ओलांडतं. अशा वेळी एक्सएफएटी पद्धत वापरा, पण प्लेयर ती वाचतो का ते आधी बघा. आणि फॉरमॅट करण्यापूर्वी आतला माल दुसरीकडे ठेवा, कारण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.

चौथं : सबटायटलमध्ये मराठी किंवा उर्दूऐवजी चौकोन किंवा भलतीच अक्षरं दिसतात. सबटायटलची फाइल यूटीएफ-८मध्ये सेव्ह करा. उर्दू उजवीकडून लिहिली जाते आणि तिची अक्षरं एकमेकांना जोडावी लागतात. स्वस्त टीव्हींना हे जमेलच असं नाही, म्हणून घेण्याआधी स्वतःची फाइल लावून बघा.

इंटरनेटचा हिशेब

नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार १०८०पीसाठी ५ एमबीपीएस आणि ४केसाठी १५ एमबीपीएस वेग लागतो. एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत, तर साधं चित्र १ जीबीपर्यंत डेटा खातं. रोज दोन तास एचडी म्हणजे महिन्याला १८० जीबीपर्यंत! मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड जीबी असेल तर अर्ध्या तासात खेळ खलास. घरात ब्रॉडबँड नसेल तर वाय-फाय मिळेल तिथे आधी डाउनलोड करून पाहणं परवडतं. रमजानमध्ये मक्केहून थेट तरावीह पाहणाऱ्यांनीही हा हिशेब लक्षात ठेवावा.

‘सगळं फुकट’ म्हणणारा डबा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा. ‘एकदा पैसे भरा, सगळे चॅनल, सगळे पिक्चर फुकट’ असं सांगून अनोळखी नावाचे अँड्रॉइड डबे विकले जातात. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा उपकरणांबद्दल जाहीर इशारा दिला. बॅडबॉक्स २.० नावाची घातक प्रणाली काही डब्यांत विक्रीआधीच भरलेली असते, तर काहींत सुरुवातीच्या सेटअपच्या वेळी शिरते. मग गुन्हेगार आपल्या घरचं इंटरनेट आडोसा म्हणून वापरतात. गुन्हा करणारा दुसराच, पण पत्ता आपल्या कनेक्शनचा. चौकशी आली तर उत्तर कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्यालाच द्यावं लागणार. मेहनतीच्या कमाईतून बाराशे-पंधराशे वाचवायचे आणि अब्बूंच्या नावावर असं संकट ओढवून घ्यायचं, हा सौदा महाग आहे.

ओळखायचं कसं? डबा प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतो, ॲप्स प्ले स्टोअरऐवजी भलतीकडून घ्यायला लावतो, कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. अशा डब्यांत प्रमाणित सुरक्षा नसल्याने नेटफ्लिक्ससारखी ॲप्स ४८०पीचं अस्पष्ट चित्रच देतात किंवा चालतच नाहीत. असा डबा घरात असेल तर त्याचं इंटरनेट आजच काढा.

जुन्या सीडी-डीव्हीडींचं काय?

प्लेयर घेण्यामागे अनेक घरांत खरी इच्छा वेगळीच असते : दादीजानचा आवाज, वालिदांचा निकाह, आता हयात नसलेली माणसं पुन्हा बघायची. ते सगळं पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या व्हीसीडी-डीव्हीडींत अडकलेलं असतं. या चकत्या कायम टिकत नाहीत. समुद्राजवळच्या दमट हवेत बुरशीही लवकर लागते. डीव्हीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप मिळवून आधी सगळं कॉपी करा. व्हीसीडीतली डीएटी फाइल व्हीएलसीवर चालते. मग त्याची एच.२६४ची एमपी४ प्रत बनवा, म्हणजे कुठल्याही टीव्हीवर दिसेल. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. हे काम आधी, प्लेयर नंतर घेतला तरी चालेल.

घरात बसवताना

स्टिकला सोबत आलेला अडॅप्टरच लावा. टीव्हीच्या यूएसबीतून वीज कमी पडते आणि स्टिक मध्येच बंद-चालू होत राहते. खाऱ्या हवेने पिना गंजतात, म्हणून प्लेयर खिडकीपासून दूर ठेवा. मुलांसाठी वेगळी किड्स प्रोफाइल करा आणि खरेदीला पिन लावा. पिन मुलांना माहीत नसावा, एवढं मात्र पाहा!

दुकानात जाताना

• घरच्या तीन फाइल्स पेन ड्राइव्हमध्ये घेऊन जा : एक फोनची, एक जुनी, एक उर्दू किंवा मराठी सबटायटलची. दुकानात लावून बघा.
• अडॅप्टरवर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक बघा आणि बीआयएस केअर ॲपवर तपासा.
• एच.२६५, एक्सएफएटी, यूएसबी पोर्ट आणि प्ले प्रोटेक्ट, या चारही गोष्टी विचारा.
• पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल असेल तर तक्रारीला वजन येतं.