दिनविशेष : २४ एप्रिल
१९६६ : मराठी विज्ञान परिषदेची मुंबईत स्थापना. मातृभाषेतून विज्ञान घरोघरी पोहोचवणाऱ्या या संस्थेने वार्षिक अधिवेशनांच्या जोडीने विज्ञानकथा स्पर्धाही भरवली. मराठी विज्ञानकथेला मान मिळवून दिला तो या स्पर्धेने.

१९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते ‘नारायण विनायक जगताप’, म्हणजे प्रत्यक्षात डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. जगभर ख्याती असलेल्या शास्त्रज्ञाने आपली कथा केवळ गुणांवर जोखली जावी असा आग्रह धरावा, हा त्यांचा मोठेपणा. पुढे ती ‘यक्षांची देणगी’ या संग्रहात आली आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या विज्ञानकथाकाराकडे आले.

मावळ-लोणावळ्यातील शाळांनी आणि ग्रंथालयांनी हा संग्रह आज मुलांच्या हाती जरूर द्यावा.