चिनी वैद्याचा जुना सल्ला

मूल झाले नाही की घर सुनेलाच बोल लावते. पण चीनमध्ये सुंग राजवटीत, १२३७ साली, चेन झिमिंग या वैद्याने स्त्रीरोगांवर मोठा ग्रंथ रचला. त्यात अपत्यप्राप्तीविषयी तो सांगतो, की आधी नवरा-बायको दोघांची प्रकृती पाहावी. औषध त्यानंतर.

चिनी वैद्यकाचा दुसरा जुना उपाय म्हणजे अंगात बारीक सुया टोचणे, अ‍ॅक्युपंक्चर. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये टेस्ट-ट्यूब उपचार घेणाऱ्या ८४८ स्त्रियांवर त्याची परीक्षा झाली. २०१८ साली निष्कर्ष निघाला: खऱ्या सुयांनी १८.३ टक्के, नकली सुयांनी १७.८ टक्के स्त्रियांना मूल झाले. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना!

सुईचा गुण दिसला नाही. वैद्याचा सल्ला मात्र टिकला. तेव्हा तपासणीला दोघांनीही जावे.