समानुभूती
समानुभूती : स्वतःचा अनुभव तपासून, कल्पनेच्या आधारे दुसऱ्याच्या स्थितीत शिरून त्याचे सुखदुःख जाणण्याची मनःशक्ती. दयेत पाहणारा बाहेरच राहतो, समानुभूतीत तो अंतर ओलांडतो [→ सहानुभूती].

मुंबईत या वृत्तीला संस्थारूप मिळाले ते आत्मपरीक्षणावर भर देणाऱ्या उपासनेतून. गिरगावातील प्रार्थना समाजाचे (स्थापना १८६७) प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन करून परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या भगिनी जनाबाईंनीही या कामाला वाहून घेतले [→ अस्पृश्यता निवारण].

साहित्यात समानुभूतीचे प्रमुख लक्षण म्हणजे परक्याच्या तोंडची प्रथमपुरुषी भाषा. अनाथ अर्भक म्हणून एका गिरणी कामगाराने सांभाळलेले नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या कवितेत मुलाला शाळेत घालायला आलेली वेश्या स्वतः बोलते. कवी तिच्याविषयी बोलत नाही, आणि हा फरक मूलभूत आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) नाटकात १९८२ च्या गिरणी संपानंतरची होरपळ गिरणगावातील एका घरातील माणसांच्या परस्परविरोधी बाजूंनी दिसते [→ गिरणी संप].

सामाजिक सुधारणा, शिक्षण व अभिनय या क्षेत्रांत समानुभूतीला विशेष महत्त्व आहे. मात्र जात, वर्ग व लिंग यांच्या अनुभवभेदामुळे केवळ कल्पना अपुरी पडते. तिला सहवासाची व ऐकण्याची जोड लागते [→ दलित साहित्य].