सुलतान, सरदार आणि शेजारचा सलीम

मराठी बोलणाऱ्या मुसलमान घरातील मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक द्यायची वेळ आली की आमच्यापुढे एक जुनीच अडचण उभी राहते. इसापनीती, अरबी सुरस कथा, ‘गोट्या’, ‘श्यामची आई’, अमर चित्र कथा, ‘फास्टर फेणे’ ही सारी पुस्तके आमचीच आहेत. त्यांच्यावर आमचे मराठी पोसले गेले. या गोष्टींच्या जगात मुसलमान भेटतो. तो कधी सुलतान असतो, कधी सरदार, कधी फकीर, तर कधी दिव्यातून निघालेला जिन. शाळेला रोज उशिरा पोहोचणारा, गणिताला घाबरणारा, ईदच्या दुसऱ्या दिवशी डब्यात शीरखुर्मा नेणारा शेजारचा सलीम मात्र क्वचितच भेटतो. हा सलीम शोधायचा तर जुन्या पुस्तकांना नवे पर्याय शोधावे लागतील, असे आम्हांला वाटते.

‘पर्याय’ हा शब्द काहींना उद्धट वाटेल. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आज अभिजात म्हणून मिरवणारे प्रत्येक बालपुस्तक एकेकाळी पर्याय म्हणूनच जन्माला आले. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इंग्रजीवरून ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ मराठीत आणल्या, तेव्हा नव्या शाळांतील मुलांना वाचायला छापील मराठी हवे होते. १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ सुरू केल्या. बगदादची ही कथा मराठीत आली तीही इंग्रजीच्या वाटेने. १८८१ साली विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ मासिक काढले, १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ काढले. त्या त्या पिढीने आपल्या मुलांना काय कमी पडते ते पाहिले आणि ते लिहिले. आम्ही तेच करू पाहत आहोत.

यातले सर्वांत बोलके उदाहरण अमर चित्र कथेचे आहे. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची नावे आली, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. ते पाहून अनंत पै यांना ही मालिका सुचली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मालिकेचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचेच होते. ‘कृष्ण’ हा अकरावा. म्हणजे अमर चित्र कथा हीसुद्धा मुळात परक्या गोष्टींना शोधलेला देशी पर्याय. ती पुढे मराठीसह अनेक भाषांत निघाली. २००७ साली तिचे हक्क एसीके मीडिया या कंपनीकडे गेले आणि अंधेरी पूर्वेच्या मरोळ-मरोशी रस्त्यावरून तिचा कारभार चालू लागला. देशभरच्या मुलांच्या मनातले इतिहासाचे चित्र आमच्या उपनगरातून बाहेर पडत होते.

या मालिकेने मुसलमानांना वगळले असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाबर, हुमायूँ, शेरशाह, अकबर, जहांगीर, नूरजहाँ, रझिया, चांदबिबी, टिपू सुलतान यांच्यावर तिने स्वतंत्र पुस्तके काढली. कबीरावरही काढले. पण ही यादी पुन्हा वाचून पाहावी. एक कबीर सोडला तर सारे तख्तावरचे किंवा तख्ताजवळचे. विणकर, मच्छीमार, तांबट, बागवान, अत्तार, शिकलगार कुठे आहेत? महाराष्ट्रातला बहुसंख्य मुसलमान तर यांच्यातला. नंदिनी चंद्रा आणि कार्लाइन मॅक्लेन या अभ्यासकांनी अनुक्रमे २००८ आणि २००९ साली या मालिकेवर ग्रंथ लिहिले. तिच्या चित्रांत मुसलमान कसा रंगवला जातो, याची चर्चा दोघींनीही केली आहे. एखाद्या अंकात बादशहा चांगला असला की तो अपवाद ठरतो आणि शत्रूच्या छावणीतली दाढी मुलाच्या लक्षात राहते, हा आमचा घरोघरचा अनुभव आहे.

हा प्रश्न निव्वळ साहित्याचा नाही. अंधेरीला लागून असलेली जोगेश्वरी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत होरपळली. दोन्ही बाजूंची माणसे मेली, घरे जळाली. त्यानंतर मिश्र चाळी विरळ होत गेल्या. जो तो आपापल्या माणसांत राहायला गेला. आज या भागात वाढणाऱ्या कित्येक हिंदू मुलांच्या जिन्यावर सलीम राहत नाही आणि सलीमच्या जिन्यावर समीर राहत नाही. शेजार गल्लीतून गेला, तो निदान पुस्तकात तरी भेटला पाहिजे. तिथेही तो नसेल तर मुलाला एकमेकांची ओळख होते ती बातम्यांतून आणि अफवांतून.

अमेरिकेत हाच प्रश्न १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी विचारला. तीन वर्षांत निघालेली पाच हजारांहून अधिक बालपुस्तके त्यांनी तपासली. त्यांतल्या केवळ ६.७ टक्के पुस्तकांत एखादे तरी काळे पात्र होते. या मोजणीने तिथल्या प्रकाशकांना जाब द्यावा लागला. आपल्याकडे हैदराबादच्या ‘अन्वेषी’ या स्त्रीअभ्यास संस्थेने २००८ साली ‘डिफरन्ट टेल्स’ ही मालिका तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत आणली. दलित आणि मुसलमान घरांतली मुले तिच्यात नायक झाली. मोहम्मद खदीर बाबू यांच्या गोष्टीत घरी मुंडीचे कालवण शिजते आणि घर त्याच्याभोवती गोळा होते. त्यात उपदेश नाही आणि क्षमायाचनाही नाही. चेन्नईच्या ‘तूलिका’ने नीना सबनानी यांचे ‘मुकंद अँड रियाझ’ काढले. फाळणीत ताटातूट झालेल्या दोन मित्रांची ती गोष्ट आहे. आणि या सर्वांच्या कितीतरी आधी प्रेमचंदांनी ‘ईदगाह’मधला हामिद लिहिला. जत्रेत खेळणी सोडून आजीसाठी चिमटा घेणारा हा पोर सुलतान नव्हता, म्हणूनच तो सगळ्यांचा झाला.

मराठीत वाट मोकळी होते आहे. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ने दाखवले की घरातली साधी माणसे आणि त्यांची रोजची कामे एवढ्यावर लहान मुलाचे पुस्तक उभे राहते. मग ‘रझियाचं घर’ का उभे राहू नये? दादी, नाना, फुफी, खाला ही नाती मराठी पुस्तकात यायला कोणती अडचण आहे? ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर कोणीही शिक्षक गोष्ट मराठीत आणू शकतो, खुल्या परवान्याच्या अटी पाळून छापू शकतो. फारूक काझी यांच्यासारखे शिक्षक-लेखक मराठीत मुलांसाठी लिहीत आहेत. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या चळवळीने कविता दिली, आत्मकथन दिले, वैचारिक लेखन दिले. मुलांच्या खात्यावर मात्र जमा फार थोडी आहे, आणि ती भरून काढायची जबाबदारी आमच्यावर आहे.

एक सावधगिरी हवी. पोकळी भरण्याच्या घाईत नव्या दंतकथा रचू नयेत. फातिमा शेख यांचेच उदाहरण घ्या. सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना १० ऑक्टोबर १८५६ रोजी लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी त्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये फातिमा ही कल्पितच असल्याचा दावा समाजमाध्यमांवर झाला, तेव्हा अभ्यासकांना याच पत्राकडे बोट दाखवता आले. या एका उल्लेखावर मुलांसाठी सुंदर पुस्तक होऊ शकते. पण त्यात मनचे प्रसंग इतिहास म्हणून घातले, तर उद्या कोणी ते खोडून काढील आणि त्यांच्याबरोबर खरी फातिमाही पुसली जाईल. जुन्या पुस्तकांवर आम्ही जो आक्षेप घेतो, तो आमच्या पुस्तकांवर कोणाला घेता येऊ नये.

तेव्हा जुनी पुस्तके कपाटातून काढून टाकावीत असे आम्ही म्हणत नाही. अफझलखानाचा अंक मुलाने जरूर वाचावा. त्याच कपाटात हामिद असावा, फातिमा असावी, आणि अजून कोणी न लिहिलेला जोगेश्वरीचा सलीमही असावा. सुरुवात लहान करता येईल. अंधेरी-जोगेश्वरीच्या शाळांतल्या शिक्षकांनी आपल्या ग्रंथालयातली मराठी बालपुस्तके एकदा मोजावीत. किती पुस्तकांत मुसलमान मूल आहे, आणि ते तिथे काय करते आहे, एवढेच लिहून काढावे. लॅरिकबाईंनी याहून वेगळे काही केले नव्हते. त्या यादीत जिथे रिकामी जागा दिसेल, तिथून आमच्या लेखकांनी लिहायला बसावे.