जादूचा हिशेब मागणारे वाचक

बारा वर्षे उकिरड्यात पडून राहिलेल्या भस्माचा प्रभाव ओसरला कसा नाही? ‘नवनाथ भक्तिसार’ ऐकणाऱ्या श्रोत्याने हा प्रश्न विचारला, तर पोथीचा अर्थ सांगणाऱ्याला त्याचे उत्तर द्यावेच लागते. कथा सर्वश्रुत आहे. पुत्रप्राप्तीसाठी मच्छिंद्रनाथांनी एका स्त्रीला भस्म दिले. शेजारणींच्या बोलण्याने मन कचरल्यामुळे तिने ते खाल्ले नाही, उकिरड्यावर टाकून दिले. बारा वर्षांनी नाथ परतले, त्यांनी हाक दिली आणि त्या ढिगातून बारा वर्षांचा गोरक्ष बाहेर आला. आता शंका अशी, की भस्म पोटात गेलेच नाही तर गर्भ वाढला कोठे? आणि त्या बाईची श्रद्धा नव्हती, तरी फळ मिळाले कसे?

बीडकडून धाराशिवकडे उतरत आलेल्या बालाघाटच्या डोंगरांत नाथांची ठाणी ठायी ठायी आहेत. उमरगा तालुक्यातील मुरूमसारख्या, कर्नाटकच्या सीमेलगतच्या गावांना पोथी आणि पोथीतल्या शंका दोन्ही परक्या नाहीत. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि ऐकणाऱ्याने मध्येच हटकायचे, ही रीत जुनीच आहे. इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांचे चाहते गेली काही दशके ज्याला ‘मॅजिक सिस्टीम’ म्हणतात आणि ज्यावर तासन् तास तर्क लढवतात, तो प्रकार या बैठकीहून फारसा वेगळा नाही.

‘मॅजिक सिस्टीम’ म्हणजे कादंबरीतील जादूचे कायदेकानून. जादू कोणाला साधते, ती मंत्राने घडते की वस्तूने, तिची किंमत कोण चुकवतो आणि तिला काय मुळीच करता येत नाही, याची लेखकाने उघड सांगितलेली किंवा वाचकाने ताडलेली व्यवस्था. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जिला सर्व काही साधते अशा जादूच्या गोष्टीत कोणाचाच जीव टांगणीला लागत नाही.

हॅरी पॉटरच्या वाचकांनी हा हिशेब किती बारकाईने ठेवला, याचा एक नमुना प्रसिद्ध आहे. मालिकेचा चौथा भाग २००० साली आला. त्यात हॅरी आणि व्होल्डेमॉर्ट यांच्या छड्या एकमेकींशी जोडल्या जातात आणि व्होल्डेमॉर्टच्या छडीने घेतलेले बळी छायारूपाने उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटचा सर्वांत आधी, असे बाहेर येतात. हॅरीच्या वडिलांनंतर त्याची आई मारली गेली होती. तेव्हा आई आधी दिसायला हवी. पहिल्या आवृत्तीत मात्र वडील आधी आले. वाचकांनी या विसंगतीवर नाना तर्क बांधले, पण अखेर ती लेखिका जे. के. रोलिंग यांची चूकच ठरली आणि पुढच्या छपायांत क्रम बदलण्यात आला. १९९९च्या तिसऱ्या भागातील काळ मागे नेणाऱ्या यंत्राचेही तसेच. ते हाती असताना पुढच्या संकटांत कोणी वापरत का नाही, हा प्रश्न वाचकांच्या मनातून जाईना. २००३च्या पाचव्या भागातील झटापटीत जादूमंत्रालयातील या यंत्रांचा साठा फुटला आणि ती वाट बंद झाली. शेवटच्या, २००७ सालच्या भागात तर अन्न शून्यातून निर्माण करता येत नाही असा एक नियमच सांगितला आहे. असलेले अन्न वाढवता येते, दुसरीकडून आणता येते, पण मुळात काहीतरी असावे लागते. द्रौपदीच्या थाळीला चिकटलेले भाजीचे पान आठवावे अशीच ही अट!

त्याच भागातील सर्वश्रेष्ठ छडीचा वाद तर आजही मिटलेला नाही. मालकाला कोणी हरवले की छडीची निष्ठा विजेत्याकडे जाते, असे रोलिंग सांगतात आणि अखेरचा सामना याच नियमावर सोडवतात. मग शाळेत सरावाच्या वेळी मुले एकमेकांच्या हातांतून छड्या उडवीत होती, त्या प्रत्येक वेळी निष्ठा बदलत होती काय? सराव आणि खरी लढाई यांतला फरक छडीला कळतो, असे मानले तर छडीला बुद्धी आहे असे मानावे लागते. चाहत्यांचे तर्कशास्त्र इथवर जाते.

मालिकेचा पहिला भाग मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आला, आणि त्या एका शब्दाबरोबर एक वेगळीच व्यवस्था आत शिरली. मूळ कथेतील दगड सोने करतो आणि अमर करणारे पेयही देतो. आपला परीस लोखंडाचे सोने करतो. परीस करत नाही आणि आयुष्यही वाढवत नाही. त्यासाठी मराठी मनात अमृत वेगळे आहे, संजीवनी वेगळी आहे.

अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ साली या चर्चेला सूत्राचे रूप दिले. वाचकाला जादू जितकी समजली असेल, तितकेच कथेतील संकट जादूने सोडवण्याचा अधिकार लेखकाला मिळतो, असा त्यांच्या पहिल्या नियमाचा आशय. २००६ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘मिस्टबॉर्न’ मालिकेत माणसे धातूचे कण गिळतात आणि पोटात ‘जाळतात’. पोलाद जाळणाऱ्याने नाण्याला रेटा दिला की नाणे उडते. तोच रेटा भिंतीत घट्ट बसवलेल्या तुळईला दिला, तर रेटणाराच मागे फेकला जातो. न्यूटनचा तिसरा नियम शिकलेल्या विद्यार्थ्याला पुढचे डावपेच स्वतःच सुचू लागतात. लॅरी निव्हेन यांनी १९६९ सालच्या एका कथेत जादूची शक्ती खनिज तेलासारखी संपणारी दाखवली होती, तीही याच वळणाची. याला ‘हार्ड मॅजिक’ म्हणतात. टॉल्किनचा गँडाल्फ नेमके काय काय करू शकतो याची यादी मात्र कोठेच नाही. ती ‘सॉफ्ट मॅजिक’. तिथे जादू कोडे सोडवत नाही, धाक आणि विस्मय निर्माण करते. नियमांच्या हौसेने जादूचे पदार्थविज्ञान होते आणि अद्भुताचा रस आटतो, हा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप खोटा नाही. उर्सुला ले ग्विन यांनी ‘अर्थसी’ मालिकेच्या १९६८ सालच्या पहिल्या पुस्तकात दोन्ही साधले. वस्तूचे खरे नाव ठाऊक असेल तरच तिच्यावर सत्ता चालते, आणि एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे अवर्षण पडू शकते. नियम मोजकेच आहेत, पण प्रत्येक मंत्राआधी जादूगाराला विचार करावा लागतो.

मराठी वाचकाला हा वाद नवखा वाटू नये, याला कारण महाभारत आहे. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरता येते. ती अर्जुनासाठी राखलेली, पण रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्ची पडते. ती त्या रात्री आवरली असती तर काय झाले असते, यावर मराठी घरांत किती जेवणे थंड झाली असतील! अश्वत्थाम्याला ब्रह्मशिर अस्त्र सोडता येते, मागे घेता येत नाही; अर्जुनाला दोन्ही येते. सिद्धी जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी या पाच मार्गांनी मिळतात, असे पतंजलींनी योगसूत्रांत सांगून ठेवले आहे. त्या वर्गीकरणात आजची बहुतेक कादंबरीतील जादू बसते. हॅरी पॉटरची जादू जन्माने आलेली, तर ॲस्टेरिक्सची काढा पिऊन.

धुंडीसुत मालू यांनी शके १७४१, म्हणजे १८१९ साली पूर्ण केलेला ‘नवनाथ भक्तिसार’ चाळीस अध्यायांचा आहे आणि अस्त्रांच्या हिशेबात तो कोणत्याही आधुनिक मालिकेला हार जाणार नाही. अग्नीवर पाणी, पर्वतावर वज्र, सर्पावर गरुड, असा तोडीस तोड मामला. भाविकांसाठी तो श्रद्धेचा ग्रंथ आहे. पण पूर्वपक्ष मांडून उत्तर शोधण्याची आपली परंपरा असल्याने शंका काढणे तिथेही अश्रद्ध मानले जात नाही. संजीवनी मंत्र पाठ करीत बसलेल्या गोरक्षाकडे गावातली मुले चिखलाचा गाडीवान करून मागतात. तो सहज करून देतो आणि पुतळा जिवंत होतो. हेच गहिनीनाथ. मूर्तीत प्राण घालण्याचा गोरक्षाचा हेतू नव्हता, तरी मंत्र फळला. उकिरड्यातील भस्मही घेणाऱ्याच्या श्रद्धेवाचून फळले. दोन्ही कथा एकत्र ठेवल्या की पोथीतील व्यवस्था दिसू लागते. शक्ती अक्षरात आणि वस्तूत साठते, हेतू नसला तरी चालतो.

गोपीचंदाची कथा आणखी बोलकी. त्याने जालिंदरनाथांना खड्ड्यात पुरून वर घोड्यांची लीद टाकवली होती. नाथांना बाहेर काढायचे, तर त्यांच्या शापाने राजा भस्म होणार. कानिफनाथांनी राजाचे वेगवेगळ्या धातूंचे पुतळे करवले आणि खड्ड्याच्या तोंडाशी एकेक उभा केला. आतून ‘कोण’ म्हणून विचारणा झाली, उत्तरात नाव गोपीचंदाचे गेले, आणि जळाला तो पुतळा. जेम्स फ्रेझर यांनी १८९० साली ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात जादूची दोन तत्त्वे मांडली. सारखी वस्तू सारखीवर परिणाम करते, आणि एकदा संपर्कात आलेल्या वस्तूंचा संबंध तुटत नाही. कानिफनाथांचे पुतळे हे पहिल्या तत्त्वाचे उदाहरण. विंचरलेले केस इकडेतिकडे टाकू नयेत, हा आजीचा दंडक दुसऱ्याचे.

इथे मात्र पुस्तकाबाहेरचे जग आडवे येते. मराठवाड्यात करणी आणि भानामती हे केवळ कथेतले शब्द नाहीत. अंगावर उमटणाऱ्या फुल्या बिब्ब्याच्या तेलानेही उमटवता येतात, हे अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे कार्यकर्ते गावोगाव सांगत आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. कादंबरीकार आणि भोंदू यांच्यातला भेद इथेच कळतो. कादंबरीकार मर्यादा आधी सांगतो आणि मग ती पाळतो. भोंदूचा उपाय फसला की नवा अपवाद त्याच क्षणी जन्माला येतो, आणि त्याला जाब विचारणारा श्रोता नेहमीच मिळतो असे नाही.

मराठीत नियमांची जादू सर्वाधिक वाचकांपर्यंत नेली ती नारायण धारप यांनी (१९२५–२००८). त्यांचे ‘समर्थ’ अमंगळ शक्तीशी लढतात ते आधी तिचा स्वभाव ओळखून, अभ्यासून. धारपांची एक कथा मित्राच्या तोंडून ऐकल्यावर राही अनिल बर्वे यांच्या मनात ज्या चित्रपटाचे बीज पडले, तो ‘तुंबाड’ २०१८ साली हिंदीत आला. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हाही प्रेक्षकांनी गर्दी केली. त्यातली व्यवस्था अगदी थोडक्यात आहे. सोन्याचा धनी हस्तर भुकेला आहे. पिठाचे रिंगण त्याला ओलांडता येत नाही. पिठाची बाहुली टाकली की तो खायला येतो, आणि तो खात असेतो त्याच्या लंगोटातून मोहरा ओरबाडता येतात. त्याने स्पर्श केला की सुटका नाही. नायकाचा मुलगा हा सारा हिशेब पाहतो आणि अस्सल चाहत्यासारखा पळवाट काढतो. एक बाहुली नेली तर मूठभर मोहरा मिळतात, मग बाहुल्या पुष्कळ नेल्या तर हस्तर खात बसेल आणि लंगोटच पळवता येईल. बापाला ते पटते. दोघे बाहुल्या घेऊन गर्भात उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर खाली येतात.