दवनीवाड्याचा रात्रीचा वर्ग

माझ्या बापाला सही करता यायची, पण मोजून तीनचार वर्षं. पुढं तो पुन्हा अंगठ्यावर आला.

ही गोष्ट मायनं सांगितलेली. ग्रामशिक्षण मोहीम 1959 साली सातारा जिल्ह्यात सुरू झाली आणि 1961 पासून राज्यभर गेली. शाळेतले गुरुजी दिवसा पोरं शिकवायचे आणि रात्री मोठ्यांना, तेही बिनपगारी. रॉकेल गावाचं, पाटी ज्याची त्याची. सगळं गाव शिकलं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. बाप धानाची कापणी उरकून जेवायचा आणि पाटी घेऊन निघायचा. नाव लिहायला शिकला, गावच्या पाटीवरची अक्षरं लावायला शिकला. पण पुढं वाचायला घरात होतं काय? पंचांग ब्राह्मणाकडं, पेपर पाटलाकडं. नांगराच्या मुठीवरचा हात अक्षर विसरला. मी शाळेत जायला लागलो तवा त्याच्या अंगठ्याला निळी शाई लागलेली मी पाहिली आहे. सोसायटीच्या कर्जाला आलेली.

आमचं दवनीवाडा गोंदिया तालुक्यात. तेव्हा जिल्हा भंडारा होता, गोंदिया वेगळा झाला 1 मे 1999ला. धानाचा मुलूख. घरात कोणी पोवारी बोलतं, कोणी झाडी, बाजारात हिंदी. पुस्तकातली मराठी ही आमच्या बायकांना चौथी भाषा. शहरातून येणाऱ्या साहेबांच्या हे ध्यानातच यायचं नाही. ते म्हणत, मातृभाषेत शिकायला काय अवघड आहे.

मी दहावी झालो आणि पुढं पैसे नव्हते म्हणून बांधीत उतरलो. 2 ऑक्टोबर 1978ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. 15 ते 35 वयाचे तीस जण, एक केंद्र, शिकवणाऱ्याला महिन्याला 50 रुपये. ते केंद्र दुसऱ्याला मिळालं, मी नुसता कंदील धरायचो. गडी माणसं यायची. दिवाळीनंतर मंडई आणि दंडार सुरू झाली की अर्धी गायब, आणि रोवणा लागला की एकही नाही. दिवसभर चिखलात वाकलेला माणूस रात्री 'क'ला काना कशाला देईल? ज्यानं तो कार्यक्रम आखला त्यानं कधी पऱ्हे उपटले नसावेत, एवढंच माझं मत आहे.

खरा वर्ग भरला तो नव्वद सालानंतर. केरळातला एर्नाकुलम जिल्हा 4 फेब्रुवारी 1990ला संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला आणि त्याची हवा देशभर गेली. आता मानधन नाही, सगळे स्वयंसेवक. दहा शिकणाऱ्यांमागं एक शिकवणारा असा हिशोब. 1991च्या शिरगणतीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या 52 बायका साक्षर निघाल्या, म्हणजे 48 नव्हत्या. त्या 48 मधल्या 11 जणी माझ्या ओसरीवर बसायच्या.

अकराही जणी बिडी वळणाऱ्या. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, समोर पाटी. हात चालूच. मी म्हणालो, हे काही बरोबर नाही. तर गल्लीतली एक वहिनी म्हणाली, "भाऊजी, डोये तुमच्या फयाकडं हायेत, हाताचं तुमाले का करायचं?" खरंच होतं. बोटांना डोळे लागतच नव्हते.

पहिले आठ दिवस पुस्तक चाललं नाही. मग मी पुस्तक बाजूला ठेवून 'धान' लिहिलं. मग 'बांधी', 'धुरा', 'बोडी'. हे शब्द लगेच लागले. सगळ्यात लवकर लागले ते आकडे, आणि तिथंच घोळ झाला.

बिडीचा हिशोब असा. 25 बिड्यांची एक जुडी, 40 जुड्या म्हणजे हजार. मजुरी हजारावर. सट्टेदार पान-तंबाखू देणार, संध्याकाळी बिड्या मोजून घेणार आणि कार्डावर आकडा टाकणार. वाईट निघाल्या त्या 'छाट', त्यांचे पैसे नाहीत. पण छाट काढलेल्या बिड्या बाईला परत मिळायच्या नाहीत, त्या तिथंच राहायच्या. त्या वहिनीनं एका रात्री कार्ड माझ्यासमोर धरलं. म्हणाली, "हा आठ हाये ना? अन् हे दोन शून्य? मी तं हजार देल्या." दुसऱ्या दिवशी तिनं सट्टेदाराला चार बायांसमोर विचारलं, दोनशे छाट दाखव म्हणून.

त्यानं भांडण केलं नाही. नुसतं पान दिलं नाही. तिलाही नाही आणि वर्गाला येणाऱ्या बाकीच्यांनाही नाही, पान संपलं म्हणाला. तेंदूपत्त्याच्या मुलखात पान संपलं! तीन आठवडे असंच. पावसाळ्याआधीचे दिवस, कणगी तळाला गेलेली. माझी मायही बिड्या वळायची, तिचंही पान बंद झालं. ती मला म्हणाली, "तुह्या शायेनं भाकर देल्ली का आपल्याले?" यावर काय बोलणार?

एकेक करून सहा जणी आल्या नाहीत. त्यात ती वहिनीही होती. तिच्या घरी दोन लहान पोरं होती, मी बोलवायला गेलो नाही. तिला पान पुन्हा मिळू लागलं एवढं कळलं. राहिल्या पाच.

आता जे सांगतो ते मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही. शेवटी चाचणी आली आणि वरून निरोप आला की यादी पूर्ण पाहिजे, गाव मागं राहता कामा नये. पाच जणींनी आपले पेपर आपण लिहिले, वेडेवाकडे पण आपले. बाकीचे सहा मी लिहिले. अक्षर वेगळं दिसावं म्हणून डाव्या हातानं. गावोगाव असंच झालं असं मी म्हणणार नाही, माझ्या ओसरीवर झालं ते सांगतो. त्या वेळी मला वाटलं होतं, कागदाचं काय एवढं.

काही वर्षांनी बचत गट आला. गटाला सचिव पाहिजे, शिकलेली. कुणीतरी जुनी यादी आठवून त्या वहिनीचं नाव घेतलं. बैठकीत रजिस्टर तिच्यापुढं आलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, अंगठा शाईत बुडवला आणि म्हणाली, "पेपर भाऊजीनं लेहला होता, रजिस्टरबी त्याहीलेच द्या." लोक हसले. त्यांना वाटलं, थट्टा केली. सचिव दुसरी झाली, त्या पाचांपैकीच एक. तिनं रजिस्टर पुढं कितीतरी वर्षं सांभाळलं.

आता नव भारत साक्षरता कार्यक्रम आहे, 'उल्लास' म्हणतात. 2022 ते 2027. पुन्हा स्वयंसेवक, पण आता 15च्या पुढं वयाची अट नाही. यंदा शिकवायला माझी नात होती, ती कॉलेजात जाते. मी फक्त ओसरी दिली. ती वहिनी आपणहून आली, केस सगळे पांढरे. बिडी केव्हाच सुटली, पण बसल्यावर डाव्या हाताची बोटं अजून वळवळतात.

17 मार्च 2024ला राज्यभर परीक्षा झाली. दीडशे गुणांची : वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. आमच्या शाळेत पोरांच्या बाकावर सगळ्या म्हाताऱ्या गुडघे अवघडून बसलेल्या. मी पाण्याची घागर घेऊन वर्गात गेलो. वहिनीनं पेपरवर हात आडवा ठेवला.

"घागर ठेवा अन् बाहेर बसा भाऊजी," ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसलो. ती सगळ्यात शेवटी उठली.