फेब्रुवारीतली कुलपं

२००१ च्या जनगणनेत पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवर मी प्रगणक होते. ९ ते २८ फेब्रुवारी एवढे दिवस हातात, आणि निम्म्या घरांना कुलपं. दिवाळीच्या सुमारास माणसं ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला गेलेली, ती पाडव्याच्या आसपास परतणार. नियम असा, की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही त्याला सापडेल तिथं मोजायचं. म्हणजे माझ्या वस्तीतली माणसं कारखान्याजवळच्या कोप्यांत मोजली जाणार, तिथला प्रगणक तिथवर पोचला तर.

एका ओट्यावर मावशी बसल्या होत्या, गुडघ्यामुळे त्या वर्षी मागं राहिलेल्या. "याआधी कुठं राहत होता?" त्यांनी माहेरचं गाव सांगितलं. कारण? "लग्न." मी लिहिलं. उठता उठता त्या म्हणाल्या, "पंधरा वर्सं कोयता केला, बाई." कोयता म्हणजे जोडपं. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. मुकादमाची उचल दोघांच्या घामानं फिटते. त्या पंधरा वर्षांना माझ्या कागदावर रकाना नव्हता.

हे रकाने आले कसे, ते मी नंतर शोधत बसले. १९६१ च्या आधी स्थलांतर कळायचं ते फक्त जन्मस्थानावरून. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणून आजोळी जन्मून तीन महिन्यांत बापाच्या घरी आलेलं मूल जन्मभर स्थलांतरित ठरायचं. १९६१ मध्ये 'इथं किती वर्षं' हा प्रश्न आला, १९७१ मध्ये मागचं ठिकाण, १९८१ मध्ये कारण. 'जन्मानंतर स्थलांतर' हे कारण तर २००१ मध्येच आलं. पण कारण लिहायचं एकच. २०११ मध्ये देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित निघाले, त्यांत बायका पुरुषांच्या दुपटीहून जास्त. बहुतेकींपुढे लग्न.

हंगामी माणसांना राष्ट्रीय नमुना पाहणीनं वेगळं धरलं. १९९९-२००० मध्ये कामासाठी किमान साठ दिवस, पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेला तो अल्पकालीन. २००७-०८ मध्ये साठाचे तीस दिवस झाले. हंगाम लांबून सहा महिने उलटले, तर तेच कुटुंब त्या व्याख्येतून निसटतं.

२०११ ला तीच वस्ती माझ्याकडे आली. मावशी नव्हत्या. सून घरी होती, कडेवर मूल. तिनंही माहेरचं गाव सांगितलं. मी 'लग्न' लिहिलं आणि विचारलं, "कोयत्यावर किती वर्षं?"

"आठ."

ते मी माझ्या वहीत लिहून घेतलं.